जुन्या पेठेतील नवे मनोरे : ही घरे घेतो कोण?

नागपूरच्या जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची दलदलीची जमीन जमशेटजी टाटांनी कापडगिरणीसाठी निवडली, तेव्हा ती आधी भराव घालून बुजवणे भाग होते. या कामी पैसा पुरवण्यास एका मारवाडी सावकाराने नकार दिल्याची आठवण सांगितली जाते. जो मनुष्य जमिनीत सोने पुरतो आहे त्याला कर्ज कोण देणार, असा त्याचा हिशेब होता. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि भरभराटीस आली. तेव्हा त्याच सावकाराने मोकळ्या मनाने कबूल केले, की टाटांनी जमिनीत घातली ती माती, आणि तिच्यातून काढले ते सोने.

जवळजवळ दीडशे वर्षांनी त्याच परिसरात हा प्रश्न पुन्हा उभा आहे. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. गणेशपेठ भागातील मॉडेल मिलच्या जागेवर निवासी मनोरे आले. धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ येथील कौलारू बंगले एकामागून एक पाडले जात आहेत आणि इतवारी-महालातील वाड्यांच्या दारांवरही विकासकांची ये-जा सुरू आहे. शहराच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या या आलिशान सदनिकांच्या किमती ऐकून सामान्य नागपूरकर एकच प्रश्न विचारतो : ही घरे घेतो तरी कोण?

बाहेरचा नव्हे, घरचाच

पहिला तर्क बाहेरच्या माणसाकडे जातो. मिहानमधील संगणक अभियंते, परदेशी स्थायिक झालेले नागपूरकर, किंवा दुसऱ्या शहरातील गुंतवणूकदार. यांपैकी प्रत्येक जण कुठे ना कुठे घर घेतोच. पण मिहानमध्ये नोकरी करणाऱ्याला वर्धा मार्गावरचे घर सोयीचे पडते. त्याने गांधीसागराच्या बाजूला, बाजाराच्या गर्दीत का यावे? धंतोली आणि रामदासपेठेत डॉक्टर घर घेतात, कारण त्यांची रुग्णालये तेथेच आहेत. परदेशातील मुलगा घर घेतो ते बहुधा आईवडिलांसाठी. म्हणजे राहणारे पुन्हा येथलेच.

जगातील अनेक शहरांत असे घडते, पण खरेदीदार वेगळा असतो. शिकागोतील ट्रिब्यून टॉवर ही १९२५ मधील ख्यातनाम इमारत. २०१८ मध्ये तिच्यातून वृत्तपत्र बाहेर पडले आणि तेथे १६२ सदनिका झाल्या. अमेरिकेतील अशा इमारतींत मुले मोठी होऊन दूर गेलेली जोडपी उपनगरातील घर विकून येतात, किंवा शहरात दुसरे घर हवे असलेले धनिक येतात. तेथील खरेदीदार बव्हंशी आपले जुने नाते मागे ठेवून शहराच्या मध्यभागी येतो.

नागपूरच्या जुन्या पेठेत नेमके उलटे दिसते. येथे नाते टिकवण्यासाठी घर घेतले जाते. इतवारीत धान्य, किराणा, सराफा, गांधीबागेत कापड, आणि खाली दुकान, वर घर ही येथील व्यापारी कुटुंबाची कित्येक पिढ्यांची रीत. पुढे कुटुंबे वाढली तशी काही लकडगंज, वर्धमाननगर अशी पूर्वेकडे सरकली. धान्याचा घाऊक व्यापार कळमन्याच्या बाजारात गेला. तरी दुकान, जिनालय आणि नातलग यांचा मोठा भाग मागे राहिला तो जुन्या पेठेतच. आज मध्यवस्तीत चार खोल्यांची आलिशान सदनिका घेणारा बहुधा याच कुटुंबातील तिसऱ्या पिढीचा कर्ता पुरुष असतो. त्याला रोज दोनदा गर्दीतून मोटार हाकायची नसते. दुपारी जेवायला घरी यायचे असते आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाला वेळेवर पोहोचायचे असते.

म्हणूनच अशा स्कीममध्ये दोन भावांनी एकाच मजल्यावर शेजारशेजारच्या सदनिका घेतल्याचे चित्र वारंवार दिसते. दारे दोन, दारांवरच्या पाट्या दोन, पण देवघर एक आणि पुष्कळदा स्वयंपाकही एकच. जाहिरातीत पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि क्लबगृह ठळक छापलेले असते. त्या तलावात घरातील ज्येष्ठ पाय घालणार नाहीत, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. घेणारा किंमत मोजतो ती सान्निध्याची : भाऊ भिंतीपलीकडे, दुकान दहा मिनिटांवर, मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर.

पहिला मालक आणि त्याची बहीण

आणखी एक वर्ग असा आहे, की तो घर विकत घेतच नाही. त्याला ते मिळते. वाडा किंवा बंगला पाडून इमारत उभी राहते तेव्हा मूळ मालकाला मोबदल्यात काही सदनिका आणि गाळे मिळतात, आणि जुन्या भाडेकरूंचे काय करायचे तेही करारात ठरवावे लागते. इतवारीत वाडा म्हटला की मालक एक नसतो. आजोबांच्या नावाची आखीव पत्रिका, त्यावर वारसांची लांबलचक रांग, जमीन नझूलची असेल तर पट्ट्याचे नूतनीकरण, आणि तळमजल्यावर पन्नास वर्षे दुकान चालवणारा भाडेकरू. हे सारे जुळल्याशिवाय पायाचा खड्डा खणला जात नाही.

कुटुंबाची खरी परीक्षा होते ती येथे. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केले, पण तेव्हा विवाह झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद उरला नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मुलीचा हा हक्क जन्मसिद्ध आहे. २००५ मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. आधीच रीतसर वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी वाड्याच्या पुनर्विकासाच्या कागदांवर अकोल्याला, अमरावतीला किंवा रायपूरला दिलेल्या बहिणीची सहीदेखील लागते.

प्रथा अशी, की राखीपौर्णिमेच्या किंवा भाऊबीजेच्या आसपास बहीण माहेरी येते, जेवण होते, आणि मग हळूच हक्कसोडपत्र पुढे येते. बहीण बहुधा सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते. पूर्वी त्या सहीने ती सोडत असे तो गळक्या वाड्याचा एक अविभक्त अंश. आज त्याच सहीने ती मध्यवस्तीतील सदनिकेच्या मोबदल्याचा वाटा सोडते. मूल्य बदलले, पण विचारण्याची पद्धत बदलली नाही. भावांनी आधी त्या वाट्याचे मूल्यमापन करून तो आकडा बहिणीसमोर ठेवला आणि मग निर्णय तिच्यावर सोपवला, तर तिने हक्क सोडला काय किंवा घेतला काय, नवे घर निर्मळ पायावर उभे राहते. व्यापारात भागीदाराला हिशेब दाखवल्याशिवाय त्याची सही घेतली जात नाही. बहिणीच्या बाबतीत वेगळा नियम का असावा?

दहावा मजला आणि दाराशी येणारे पाय

मध्यवस्तीतील घर जिनालयाजवळ म्हणून घेतले जाते, पण उंची हेही एक अंतरच आहे. परवारपुरा किंवा लाडपुऱ्यातील वाड्याचे दार रस्त्यावर उघडत असे. सकाळी मुनिराज आहारचर्येस निघाले की श्रावक सहकुटुंब दाराशी उभा राहून पडगाहन करी. आहारासाठी लागणारे पाणी अंगणातील विहिरीतून गाळून काढले जाई. श्वेतांबर कुटुंबांत गोचरीसाठी साधू-साध्वी त्याच सहजतेने उंबऱ्यापर्यंत येत.

मनोऱ्यात विहीर नसते. दार रस्त्यावर नसून दहाव्या मजल्यावर असते. साधू-साध्वी विजेवर चालणाऱ्या लिफ्टचा वापर टाळतात. दहा मजले पायऱ्यांनी चढून येणे वृद्ध साध्वींना शक्य नसते, आणि त्यांनी यावे असा आग्रह धरणे श्रावकालाही उचित वाटत नाही. परिणामी चातुर्मासात मंदिरापासून दोनशे पावलांवर राहणाऱ्या कुटुंबालाही आहारदानाचा लाभ दुर्मीळ होतो. काही कुटुंबे मग मंदिराजवळ नातलगाच्या जुन्या घरात चौका लावतात. काही जण पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचीच सदनिका मागून घेतात. एरवी वरच्या मजल्यासाठी जादा दर मोजणारा ग्राहक खालचा मजला हट्टाने मागतो, हे पाहून विक्री प्रतिनिधी बुचकळ्यात पडतो. पण त्या मागणीमागचा हिशेब पक्का असतो.

ज्येष्ठांच्या बाबतीतही हेच. वाड्यात आजी ओट्यावर बसली की अर्धी पेठ तिच्याशी बोलून जाई. मनोऱ्यात तिला वारा, उजेड आणि शांतता मिळते, गळणारे छप्पर आणि उंच पायऱ्यांचा अरुंद जिना यांतून सुटका होते, आणि हे सुख खोटे नाही. पण बोलायला माणूस हवे असेल तर तिने लिफ्टने खाली यावे लागते, आणि त्यासाठी कुणाची तरी सोबत लागते. घराचा नकाशा पाहताना स्वयंपाकघराची दिशा सर्व जण विचारतात. आजी संध्याकाळी कोठे बसेल, हे विचारणारे थोडे.

बंद दारांची सदनिका

शेवटचा खरेदीदार तो, ज्याला त्या घरात राहायचेच नाही. व्यापारातील शिल्लक कोठेतरी ठेवायची, सोने पुरेसे झाले, म्हणून एक सदनिका. काही मजल्यांवर रात्री दिवा लागत नाही तो याच कारणाने. याचा हिशेब व्यापारी मनाने एकदा तरी नीट मांडावा. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या गटात न मोडणाऱ्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि त्याची वजावट मिळत नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत घर घेतल्यास तो लागत नाही. त्यावर मुद्रांक शुल्क. रजिस्ट्री स्त्रीच्या नावे असेल तर महाराष्ट्रात त्यात १ टक्का सवलत. मग दरमहा देखभाल खर्च, आणि तो घर बंद असले तरी चुकत नाही. दुकानात पडून राहिलेल्या मालावर व्याज चढते हे ज्याला कळते, त्याला बंद सदनिकेचा खर्च कळण्यास अडचण नसावी.

राहण्यासाठी घेणाऱ्यानेही कागद पारखावेत. १ मे २०१७ पासून महारेराची व्यवस्था पूर्णपणे अमलात आहे. नोंदणी क्रमांक पाहावा. दर चटई क्षेत्रावर काढून पाहावा, कारण जाहिरातीतील मोठा आकडा आणि पायाखालची फरशी यांत अंतर असू शकते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम विकासकाने त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक आहे, हेही लक्षात असावे. मध्यवस्तीत याखेरीज एक प्रश्न अवश्य विचारावा : जमीन नझूलची आहे काय, आणि असल्यास पट्टा कोणाच्या नावे व केव्हापर्यंतचा?

श्रावकाच्या बारा व्रतांतील पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. त्याच्या अतिचारांची गणना करताना तत्त्वार्थसूत्र क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांना सोन्या-धान्याच्याही आधी ठेवते. व्रत घर घेऊ नये असे सांगत नाही. किती घ्यायचे याचे माप आधी ठरवावे आणि ते ओलांडू नये, एवढेच सांगते. व्यापारी मनुष्य मापाला घाबरत नाही; त्याचा सारा व्यवहार मापावरच चालतो.

जुम्मा तलावाकाठच्या त्या सावकाराने जमिनीत जाणारा पैसा पाहिला होता. त्या जमिनीवर पुढे कोण काम करील, काय विणील, हे त्याला दिसले नव्हते. आलिशान सदनिकेबाबतही किंमत लगेच दिसते, राहणे दिसायला वेळ लागतो. म्हणून रजिस्ट्रीचा दिवस ठरवण्यापूर्वी कुटुंबाने एक साधी गोष्ट करावी. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला सोबत घेऊन त्या इमारतीच्या दारापासून जिनालयापर्यंत पहाटे एकदा पायी जाऊन यावे. वाटेत रस्ता कोठे ओलांडावा लागतो, दम कोठे लागतो, ओळखीचे दार कोठे भेटते, हे पाहावे. परत आल्यावर ती व्यक्ती जे बोलेल, ते विकासकाच्या छापील माहितीपत्रकात सापडणार नाही.