आडरस्त्याने लातूर



कामगार संघटनेचा माणूस म्हटला की संप, मोर्चा आणि मागण्यांची यादी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. अशा माणसाने मोटारसायकलवरून सावकाश फिरण्याच्या विषयावर बोलायला उभे राहावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण हा विषय माझ्या कामाबाहेरचा नाही. एके काळी मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्या कामगारांची संघटना उभारली, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा असा मागून, झगडून मिळालेला दिवस आहे. मिळवलेली वस्तू वापरावी कशी, हेही शिकावे लागते.

मी ते फार उशिरा शिकलो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन संघटनेच्या कचेरीतल्या बाकावर झाले. गेली तीस वर्षे माझी फटफटी नांदेड-लातूर रस्त्यावर धावते आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे मला सभांच्या वेळांवरून ठाऊक. त्या गावांत कोणती झाडे आहेत, नदी कोणीकडून येते, हे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते.

मागच्या फाल्गुनात योग आला. नांदेडच्या मोंढ्यातले एक जुने हमाल, त्यांना मी मामा म्हणतो, लातूरला लेकीकडे निघाले होते. वय साठीच्या पुढे. पाठीवर पोते अजून आहेच. मी म्हटले, "मामा, एस.टी. सोडा. माझ्यामागं बसा. दिवस मोडू, पण आडरस्त्यानं जाऊ." उस्माननगरवरून कंधार, तेथून खेड्याखेड्यांतून जळकोट, मग उदगीर, नळेगाव आणि लातूर, असा बेत ठरला.

अशा प्रवासाचे काही साधे नियम आहेत. पहिला, वेगाचा काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. ताशी चाळीस किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते, ऐंशीला २२. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. खेड्याच्या रस्त्यावर वळणापलीकडे शेळ्यांचा कळप असेल, बैलगाडी असेल, नाहीतर मळणीसाठी डांबरावर पसरलेले पीक असेल. दुसरा नियम, पहाटे निघावे आणि बारा ते चार झाडाखाली काढावेत. तिसरा, हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर हवे, आणि मागे माणूस असेल तर मागच्या चाकात हवा थोडी जास्त भरावी. चौथा, तासाभराने थांबावे आणि वाट माणसाला विचारावी. वाट विचारली की गप्पा निघतात. आणि घाई नसेल तर गप्पा ऐकता येतात.

हे रस्ते इतके वाकडे का, असे पुष्कळजण विचारतात. आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पावसाळ्यात तिच्यात गाडीचे चाक रुतून बसते. म्हणून जुन्या गाडीवाटा काळ्या रानाला बगल देऊन मुरमाड माळाने, चढाच्या कडेने आणि शेताच्या बांधाने गेल्या. वाटेत पाण्याचे ठिकाण हवे, बाजाराचे गाव हवे, म्हणून आणखी वळल्या. पुढे त्याच वाटांवर खडी पडली, डांबर पडले. महामार्ग मालाची वेळ वाचवण्यासाठी सरळ आखतात. आडरस्ता बैलाच्या आणि माणसाच्या सोयीने वळलेला असतो.

सकाळी आम्ही कंधारला पोहोचलो. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे हे ठाणे. किल्ल्याभोवती खंदक आहे, आणि गावाजवळ त्याच काळातला 'जगत्तुंग समुद्र' हा मोठा तलाव. मी वाचलेले राजांचे नाव मामांना सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भाऊ, एवढी माती वाहिली कुणी असंल?" आयुष्यभर ओझे वाहिलेल्या माणसाचा हा प्रश्न. मी वाचलेल्या पुस्तकांत त्याचे उत्तर मला सापडलेले नव्हते.

कंधारला मन्याड भेटते. ही नदी पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. म्हणजे सकाळी आम्ही जी गोदावरी मागे टाकली, तिच्याच पाण्याच्या एका शाखेवरून दुसऱ्या शाखेकडे आम्ही चाललो होतो. याच मांजरेच्या पाण्यावर जगणाऱ्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. नकाशावर ही गोष्ट एका रेघेत कळते. पण कोरड्या ओढ्यांवरच्या फरशा एकामागून एक ओलांडू लागलो, तेव्हा ती नीट समजली.

कंधारपुढे पळस फुलले होते, आंब्यांना मोहोर होता, ज्वारीची काढणी चालली होती. करडईच्या एका शेताशी मामांनी थांबायला लावले. या भागातल्या मालाची पोती त्यांनी हयातभर उचलली; पण उभ्या पिकाजवळ निवांत बसायला कित्येक वर्षांत सवड झाली नव्हती, असे ते म्हणाले.

पुढे एका लहानशा रस्त्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडी थांबवली. ते खाली उतरले आणि रस्त्याची कड पायाने चाचपू लागले. डांबर जिथे उखडले होते, तिथे जुनी खडी दिसत होती. "ही आमच्या मायनं फोडलेली," ते म्हणाले. "बहात्तरचा दुष्काळ. मी पोऱ्या होतो, पाट्या उचलायचो. दुपारी सुकडी मिळायची."

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली लाखो माणसे सरकारी कामांवर होती. त्यांनी रस्ते केले, पाझर तलाव खोदले, नाले बांधले. त्याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. हा इतिहास मी सभांतून शेकडो वेळा सांगितला होता, आणि त्याच खडीवरून तीस वर्षे भरधाव गेलो होतो. मामांच्या मायने फोडलेला दगड मला दिसला, तो चाळीसच्या वेगामुळे आणि मागे बसलेल्या माणसामुळे.

उदगीरला पोहोचेपर्यंत उन्हे कलली होती. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी जिथे निजामाला नमवले, तो किल्ला पाहायचे राहून गेले. अशा प्रवासात काहीतरी राहून जायचेच, त्याची खंत करू नये. दिवेलागणीला लातूर आले. लेक दारातच म्हणाली, "आबा, एवढा उशीर? एस.टी.नं दुपारी जेवायला आला असता." मामा हसले आणि म्हणाले, "आज रस्ता बघत आलो, बाई."

एक गोष्ट सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होणार नाही. त्या दिवसाची मामांची मजुरी बुडाली. त्यांना पैसे मिळतात ते पोत्यावर. पोते नाही, तर पैसा नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला नोंदणी, पगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा मार्ग करून दिला. पण मामांची नोंदणी आजवर झालेली नाही. ते काम माझ्यासारख्यांचे, आणि ते माझ्या हातून राहिले आहे, हे मी येथे कबूल करतो. लातूरहून परतल्यावर पहिला अर्ज मी त्यांचाच लिहिला.

तेव्हा मित्रहो, येत्या रविवारी आपण जरूर निघा. गाडी जुनी असली तरी चालेल. महामार्ग सोडा, सावकाश जा, कोणाला तरी मागे बसवून न्या. मात्र निघण्यापूर्वी आपल्या दुकानात, गोदामात, स्वयंपाकघरात जो कोणी राबतो, त्याला रविवार आहे की नाही, एवढे त्याला विचारून मग किक मारा.