बिअरला नडणारे जड पाणी

लंडनच्या नळाचे पाणी जड. दक्षिण इंग्लंडमधील जमिनीखाली खडूच्या खडकाचे जाड थर आहेत. त्यांतून झिरपताना पाणी कॅल्शियम व बायकार्बोनेट सोबत घेते. केटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, चहावर तवंग येतो. प्रकृतीला त्याचा त्रास नसतो. घरी बिअर बनवणाऱ्यांना मात्र हे पाणी नडते. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही. तिथल्या या छंदिष्टांची तक्रार ठरलेली असते : फिकट रंगाची बिअर तुरट होते.

दोष कॅल्शियमचा नाही, बायकार्बोनेटचा आहे. बिअरसाठी मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजेच माल्ट, भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवतात. दाण्यातील विकरे स्टार्चची साखर करतात. त्यासाठी मिश्रणाचा सामू ५.२ ते ५.६ असावा लागतो. बायकार्बोनेट आम्लता मारते, सामू वर चढतो आणि पुढे दाणे गरम पाण्याने धुताना टरफलातील टॅनिन उतरते. कॅल्शियम उलट माल्टमधील फॉस्फेटशी संयोग पावून सामू खाली आणते. सामू मोजण्याची ही पद्धतही बिअरच्याच घरातली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ती १९०९ मध्ये मांडली.

रसायनशास्त्र कळण्याआधी गावोगावच्या बिअरने पाण्याशी जुळवून घेतले होते. डब्लिनच्या बायकार्बोनेटयुक्त पाण्याला काळ्या भाजलेल्या दाण्यांची आम्लता मानवली. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर. तिथली फिकट, कडवट एल गाजली. पिल्सेनचे पाणी अगदी मृदू; तिथे १८४२ मध्ये सोनेरी लागर जन्मली.

आता पाणीच बदलता येते. सर्वांत जुना उपाय उकळण्याचा. पाणी पंधरा-वीस मिनिटे खळखळून उकळले, की बायकार्बोनेटचा बराच भाग कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतो. थंड झाल्यावर वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्यायचे. जिप्सममुळे आलेला जडपणा याने जात नाही. पण तो बिअरला नडतही नाही. दुसरा उपाय आरओचे पाणी मिसळण्याचा : निम्मे मिसळले, की बायकार्बोनेट जवळपास निम्म्यावर येते. मग कॅल्शियमही घटते, म्हणून चिमूटभर जिप्सम घालतात. तिसरा उपाय खाद्य दर्जाच्या लॅक्टिक आम्लाचा. ते थेंबाथेंबाने घालून दर वेळी सामू मोजावा लागतो. जास्त झाले तर आंबट चव उतरते.

घरातील ‘वॉटर सॉफ्टनर’ मात्र इथे कामाचा नाही. तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो; उपयोगी ते जाते आणि नडणारे बायकार्बोनेट तसेच राहते.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे गुन्हा आहे. पण बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हा अनुभव इथल्या अनेक स्वयंपाकघरांना आहे. तिथे गुन्हेगार कॅल्शियम असते. ते डाळीतील पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते. बिअरला हवे असणारे कॅल्शियम डाळीला नको असते. म्हणून पाणी ‘जड’ आहे एवढे कळून भागत नाही. ते कशाने जड आहे हे कळले, तरच उपाय लागू पडतो.