मीटिंग सुरू होताच हेडफोनचा आवाज का बसतो?

लॅपटॉपला जोडलेल्या ब्लूटूथ हेडफोनवर गाणे छान वाजत असते आणि व्हिडिओ मीटिंग सुरू होताच तोच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोनच बिघडला, असा समज होतो; पण बहुतेक वेळा बिघाड नसतो. एकच हेडफोन दोन वेगळ्या पद्धतींनी चालतो, त्याचा हा परिणाम असतो.

गाणे किंवा चित्रपट चालू असताना ‘ए२डीपी’ नावाची पद्धत वापरली जाते. तिच्यात आवाज लॅपटॉपकडून कानाकडे, एकाच दिशेने जातो. सीडीवरच्या संगीतासाठी दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते. प्रत्येक ए२डीपी हेडफोनमध्ये असावीच लागणारी ‘एसबीसी’ ही पद्धत तोच आवाज साधारण ३२८ किलोबिटपर्यंत दाबते, तरी ऐकणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही.

हेडफोनचा माइक सुरू झाला, की लॅपटॉप ‘हँड्स-फ्री’ पद्धतीवर जातो. ही मुळात फोनवरच्या संभाषणासाठी आखलेली. आवाज दोन्ही दिशांनी न्यायचा असल्याने डावा-उजवा भेद संपतो आणि आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा, सुधारित आवृत्तीत, १६,००० वेळाच घेतले जातात. सीडीसाठी ते ४४,१०० वेळा घेतलेले असतात. नमुन्यांच्या निम्म्याहून अधिक कंपनसंख्येचे स्वर टिपता येत नाहीत. त्यामुळे ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे गळते. बोलणे समजते, पण टाळांचा किणकिणाट हरवतो.

उपाय सोपा आहे. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडावा आणि स्पीकर म्हणून हेडफोन ठेवावा. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची ‘स्टीरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशी दोन नावे दिसतात. तिथे स्टीरिओ निवडावा. मीटिंग संपल्यावरही आवाज सुधारला नाही, तर एखादे अ‍ॅप किंवा ब्राउझरचा टॅब माइक धरून बसला आहे का, ते पाहावे. घरात गोंगाट असेल, तर मात्र तोंडाजवळचा हेडफोनचा माइकच बरा. स्वतःला थोडे कमी चांगले ऐकू आले तरी चालेल, समोरच्याला शब्द नीट कळणे जास्त महत्त्वाचे.

आवाज तुटत असेल, तर कारण निराळे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. जुन्या प्रकारचे वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच असतात. ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलून गर्दी चुकवते, तरी कधी कमी पडते. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेल्याने फरक पडतो. यूएसबी ३ जोडणीची हार्डडिस्कही याच पट्ट्यात गोंगाट करते, म्हणून ती लांबच्या पोर्टला लावून पाहावी.

ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो. चित्रपट दाखवणारी बरीच अ‍ॅप चित्र तेवढेच थांबवून मेळ घालतात. लॅपटॉपवर वाद्य वाजवताना मात्र बोट आणि स्वर यांतले अंतर सहन होत नाही. तिथे वायरचाच हेडफोन हवा.

२०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत ‘एलसी३’ हे कार्यक्षम तंत्र आहे आणि माइक चालू असतानाही आवाज बराच चांगला राहू शकतो. त्यासाठी हेडफोन, लॅपटॉपमधली ब्लूटूथ चिप आणि तिचे ड्रायव्हर या सर्वांत ही सोय असावी लागते. विंडोज ११ मध्ये तिला आधार मिळाला आहे. नवा हेडफोन घेताना लॅपटॉपमध्येही ही सोय आहे ना, ते आधी तपासावे.