लहान भागांची वेळीच निगा

गणेशोत्सव जवळ आला की शिवडी-लालबाग परिसरात मोठे फलक छापणाऱ्या यंत्रांना उसंत नसते. अशा ऐन हंगामात यंत्र अडते, ते पुष्कळदा एखाद्या क्षुल्लक भागामुळे.

शाई फवारणारे ‘हेड’ हा यंत्राचा सर्वांत मौल्यवान भाग. त्याचे रक्षण मात्र स्वस्त भाग करतात. काम थांबताच ‘कॅप’ हेडचे तोंड झाकून शाई सुकू देत नाही, रबरी ‘वायपर’ साचलेली शाई पुसतो, तर ‘डॅम्पर’ शाई गाळून दाबातील चढउतार शमवतो. सॉल्व्हंट शाईने कालांतराने रबर फुगते, कडा झिजतात. कॅप घट्ट बसत नाही आणि हेडची सूक्ष्म छिद्रे बुजू लागतात.

म्हणून रोज काम संपल्यावर कॅपची कड व वायपर स्वच्छ करावेत. खाडीकाठच्या दमट हवेत लोखंडी मार्गिकेवरील गंजाकडेही लक्ष असावे. सकाळी तपासणीचा नमुना छापावा. त्यातील रेघा वारंवार तुटत असतील, तर हेडला दोष देण्यापूर्वी कॅप आणि डॅम्पर पाहावेत. झिजलेले भाग हंगामापूर्वीच बदलले, तर हेडचा मोठा खर्च टळतो आणि ग्राहकाला दिलेला शब्दही पाळला जातो.