सिंधू बदलते का?

उन्हाळ्यात आमच्या नागपुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. त्यामुळे वाळवणाची कामं ऊन चढायच्या आत उरकायची, हा आमच्या गल्लीचा शिरस्ता. परवा कुरड्या घालायला आम्ही पाच-सहा जणी सकाळीच गच्चीवर जमलो होतो. गव्हाचा चीक शिजवून तयार, सोऱ्या एकीच्या हातात, आणि तोंडं अर्थातच सगळ्यांची मोकळी! बोलता बोलता शेजारच्या काकूंनी ‘एकच प्याला’चा विषय काढला. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी ते नाटक पाहिलं होतं. सिंधूचं नाव निघालं तशी त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. त्यांची नात प्लास्टिकच्या कागदाची टोकं विटांनी दाबत होती. ती म्हणाली, “पण आजी, सिंधू बदलतच नाही. एवढं सगळं होतं तिच्यावर, आणि पहिल्या अंकात होती तशीच शेवटच्या अंकात! माणूस बदलायला नको का?”

“अगं, तेच तर तिचं मोठेपण!” काकू म्हणाल्या.

चीक गार होत चालला होता, म्हणून वाद तिथेच थांबला. पण तो प्रश्न माझ्याबरोबर जिना उतरून घरी आला. मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. दरवर्षी ‘स्वभावचित्रण करा’ असा प्रश्न असतो आणि दरवर्षी मुली तीच विशेषणं लिहितात: सोशिक, प्रेमळ, त्यागी. मीही त्यावर मुकाट्याने गुण देते. या विशेषणांत ते माणूस सुरुवातीला कसं होतं आणि संकटातून बाहेर पडताना कसं झालं, हे कुठे येतं? कधीच नाही.

गडकरी तसे आम्हां नागपूरकरांना अगदी जवळचे. इथून छिंदवाड्याच्या रस्त्याने निघालं की सावनेर लागतं. राम गणेश गडकऱ्यांनी आपले अखेरचे दिवस तिथे काढले आणि 23 जानेवारी 1919 रोजी तिथेच डोळे मिटले. वय अवघं तेहेतीस! ‘एकच प्याला’ त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. भरजरी शालूंसाठी नावाजलेले बालगंधर्व या नाटकात ठिगळं लावलेलं लुगडं नेसून सिंधू म्हणून उभे राहिले आणि लोक ढसाढसा रडले. पण लेखकाला काही तो प्रयोग पाहायला मिळाला नाही.

सिंधूकडे वळण्याआधी सुधाकराकडे पाहू या, कारण बदलतो तो तोच. आपण सगळे म्हणतो की दारूने सुधाकराचा नाश केला. नाटक पुन्हा वाचलं तेव्हा मला वेगळंच दिसलं. दारूच्या आधी अपमान आहे. हा हुशार, तापट, मानी वकील. कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते. म्हणजे पहिला घाव पडतो तो ‘आपण कोण’ या समजुतीवर, पैशावर नव्हे. घरात खायला आहे, गुणी बायको आहे, जीव लावणारा रामलाल आहे. पण अपमान विसरायला काहीतरी हवं असतं, आणि कारकून तळीराम पेला घेऊन तयारच असतो.

त्याहून महत्त्वाची जागा पुढे आहे. प्रेक्षागृहात तिथे कुणी फारसं रडत नाही, म्हणून ती आपल्या ध्यानात राहत नाही. सुधाकर एकदा खरोखर सुधारतो. दारू सोडायची ठरवतो आणि कुठलंही, कितीही हलकं काम मिळालं तरी करीन म्हणून ओळखीपाळखीच्या लोकांकडे जातो. तेव्हा प्रत्येकजण त्याला टाकून बोलतो. कुणी हिणवतो, कुणी ओळख दाखवत नाही. तो माणूस घरी परततो तो पुन्हा प्यायचं ठरवूनच. पाहा हं, दुःखाने त्याला शहाणं केलं होतं. पण त्या शहाणपणाला उभं राहायला हातभर जागा कुणी दिली नाही. माझ्या मते नाटकातली सगळ्यात कठोर गोष्ट ही आहे. तळीराम निदान तोंडावर तरी वाईट आहे. दार लावून घेणारे ते सभ्य लोक मात्र पुढच्या प्रवेशात असतही नाहीत.

आता सिंधू. श्रीमंताची लेक लोकांची दळणं दळते, उपाशी राहते. भाऊ न्यायला येतो तरी जात नाही. तळीरामाची बायको गीता काय ते नवऱ्याला तोंडावर सुनावते, पण सिंधूच्या ओठावर एक कडू शब्द येत नाही. इथवर काकूंच्या नातीचं खरं आहे. पण शेवटी काय होतं? दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून मूल जातं, सिंधूला प्राणांतिक मार बसतो, आणि पोलिस विचारतात तेव्हा ती सांगते की आपण पडलो, लागलं. जन्मात खोटं न बोललेली बाई मरताना खोटं बोलते! मैत्रिणींनो, बदल तो हाच. जिने देव आणि नवरा सोडून तिसरं काही मानलं नाही, तिला त्या दोघांतून एकाची निवड करावी लागते. देवापुढचं सत्य ती सोडते. आपण त्याला पातिव्रत्य म्हणून हात जोडतो आणि डोळे पुसून नाट्यगृहाबाहेर पडतो.

या ठिकाणी मला एक कबुली द्यायला हवी. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई पालकसभेला आली होती. डोळ्याखाली निळं-काळं झालेलं. मी सहज म्हणून विचारलं, “काय हो, काय लागलं?” त्या म्हणाल्या, “काही नाही बाई, मोरीत पाय घसरला.” मी “जपत जा हो” म्हणाले आणि मुलीचे गुण सांगायला लागले. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. त्याच आठवड्यात वर्गात मी नाट्यउताऱ्यावरून सोशिकपणावर तास घेतला होता.

असो. संकट आलं की माणूस घडतं, असं आपण सर्रास म्हणतो. मला ते अर्धंच पटतं. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातला पोहण्याचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. श्याम विहिरीच्या भीतीने घरात लपून बसतो आणि एरवी मायेची असलेली आई त्याला बदडून बाहेर काढते. आम्हां आयांना तो प्रसंग वाचताना जरा बरं वाटतं, पोरांना दटावायला आधार मिळतो म्हणून! पण नीट पाहिलं तर श्यामची भीती मारामुळे गेलेली नाही. विहिरीत शिकवायला माणसं होती, पाण्यात हात धरणारं कुणीतरी होतं, म्हणून गेली. नुसतंच ढकललं असतं तर पोरगं बुडालं असतं, नाहीतर जन्मभर पाण्याला भ्यालं असतं. आणि पुढे कर्जाच्या दिवसांत सावकाराचा माणूस दारात वाटेल ते बोलतो, तेव्हा हीच मऊ बाई संतापाने उसळून बाहेर येते. तिचा हात धरायला मात्र कुणी नसतं. ती खचत जाते आणि जाते.

‘बनगरवाडी’तल्या मास्तराबद्दल मला जरा जास्तच माया आहे, मास्तरकीमुळे असेल. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची. कोवळ्या वयाचा मास्तर पहाटेच्या अंधारात एकटा, मनात धाकधूक घेऊन, धनगरांच्या वस्तीकडे चालत निघतो. तिथे शाळा नावालाच. लोक त्याला पाण्यात पाहत नाहीत, पण जवळही करत नाहीत. मग हळूहळू तो त्यांची पत्रं लिहितो, भांडणं सोडवतो, पोरं गोळा करतो. गावकऱ्यांना हाताशी धरून तालीम बांधतो. भित्रा पोरगा कधी गावाचा माणूस झाला, ते वाचणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही. मला वाटतं खरा बदल असाच असतो, तो एका प्रसंगात होत नाही. पुढे पाऊस दगा देतो, माणसं मेंढरं घेऊन जगायला निघून जातात आणि कमावलेलं सगळं मास्तराच्या डोळ्यांदेखत ओस पडतं. तरीही तो पूर्वीचा घाबरट पोरगा राहत नाही. त्याला करायला काम होतं आणि ज्यांच्यासाठी करायचं ती माणसं होती, एवढंच त्याचं भाग्य.

त्याच पुस्तकात शेकूची बायको आहे. एक बैल कमी पडतो म्हणून ती स्वतः जुवाखाली मान देते. ती बदलली का, हे विचारायला लेखक थांबत नाही, आणि बरंच आहे ते. काही कष्ट इतके मोठे असतात की त्यांतून काय शिकलीस असं विचारणंसुद्धा उर्मटपणाचं वाटतं.

आता आमच्या मुलखातलं. महेश एलकुंचवार नागपूरचे, आणि त्यांचं ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली 1985 मध्ये रंगभूमीवर आलं. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. घरातला कर्ता पुरुष गेलेला आणि तेराव्याच्या खर्चाची विवंचना. अंगणात ट्रॅक्टर गंजत उभा, मोठेपणा उरलेला फक्त जेवणाच्या पंगतीपुरता. नाटक वाचताना मला आमच्या आजोळचा वाडाच आठवत राहिला. तिथल्या बायकांची बोलण्याची ढब, कमरेच्या किल्ल्या, माजघरातला तो गारवा!

या घरात एकच मृत्यू झाला आहे, पण प्रत्येकावर तो वेगळा उतरतो. म्हाताऱ्या दादीला तो उमजतच नाही, ती गेलेल्या मुलाला हाक मारत राहते. प्रभाला शिकायचं होतं आणि वडिलांनी शिकू दिलं नाही. ज्याच्यावर राग धरायचा तोच गेला, त्यामुळे तिची जीभ उरलेल्यांवर चालते. अशा आत्या, अशा नणंदा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांना आपण ‘कजाग’ म्हणतो. त्यांचं कुठलं पुस्तक कधी आणि कुणी मिटलं, ते विचारत नाही. आणि मोठी वहिनी? एका रात्री ती नवऱ्याच्या आग्रहाने घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालते. क्षणभर वाटतं, वाड्याचं जुनं वैभवच उभं राहिलं. तेच दागिने घेऊन तिची मुलगी शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते. सोनं जातं, अब्रू जाते. पण वहिनी मोडत नाही. पुढच्या ‘मग्न तळ्याकाठी’मध्ये ती भेटते तेव्हा आधीपेक्षा शांत आणि मोठ्या मनाची झालेली असते. दागिन्यांबरोबर तिची भीतीही गेली असावी, असं मला वाटतं. जपायला काही असेपर्यंत ती किल्ल्यांची राखणदार होती. तिसरं नाटक ‘युगान्त’, त्यात दुष्काळ आहे. ते एका बैठकीत वाचू नका, एवढं सांगते.

मी हे सगळं काकूंच्या नातीला सांगितलं. कुरड्या उलटायला संध्याकाळी ती गच्चीवर आली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे सिंधूला कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. पोलिसांनी लिहून घेतलं आणि झालं.” मी तोंड उघडून बंद केलं. एवढी पानं उलटून मला जे नीट म्हणता आलं नव्हतं, ते ह्या पोरीने एका वाक्यात म्हटलं.

गेल्या शनिवारी पालकसभा होती. त्या बाई आल्या होत्या. या खेपेस चेहऱ्यावर काही नव्हतं, हातात मात्र नव्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत. सगळे पालक गेल्यावर मी त्यांना म्हटलं, “थांबा जरा, चहा घेऊ.” त्या म्हणाल्या, घरी स्वयंपाक व्हायचा आहे. मी म्हटलं, पाच मिनिटं. शिपाईमावशींनी दोन कप आणून ठेवले. मी विचारलं, “त्या वेळी मोरीत पाय घसरला होता म्हणालात, तो नेमका कसा घसरला?”

त्यांनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ दाराकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, तुमचा तास कधी असतो? सोमवारी येऊ का?”