असं का होतं? : नळीमागच्या काळ्या रेघा

पावसाळा सरला की पालघर-बोईसरच्या शिवारात भातकापणीचे विळे चालू लागतात. इथल्या आदिवासी पाड्यांवर काहींच्या रक्तातही विळ्यासारख्या पेशी आढळतात. त्या तशा का वाकतात?

निरोगी लाल पेशी गोल, लवचीक असते. अरुंद वाहिनीतूनही दुमडून निसटते. सिकलसेल या आनुवंशिक आजारात ऑक्सिजन सोडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून काठ्या बनतात आणि पेशीला आतून ताणतात. मग ओहोळात काटक्या अडकाव्यात तशा या पेशी अडकतात, अंग ठणकू लागतं. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्यासारखी जेमतेम १० ते २०. म्हणून रक्त कमी पडतं.

पहिली तपासणी अगदी सोपी. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर सहसा चिंता नाही. गढूळपणात हरवल्या, तर पुढची तपासणी सांगते : आजार आहे की माणूस फक्त वाहक आहे.

वाहक म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून मिळालेला; तो सहसा ठणठणीत असतो. पण आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारात एक. म्हणून सोयरीक ठरण्याआधी रक्त तपासा. जुलै २०२३पासून यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे.