लांब बॉनेटचा ध्यास

जुनी मोटार कारखान्यातून ज्या स्थितीत बाहेर पडली त्या स्थितीला ती पुन्हा नेऊन पोहोचवणे, हा मोटारीच्या जीर्णोद्धाराचा सर्वमान्य अर्थ होय. परंतु पोर्शे 911 या जर्मन स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत, विशेषतः अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, घरोघरच्या गॅरेजांत एक निराळाच प्रघात रूढ झाला, आणि तो असा की, 1974 च्या किंवा त्यानंतरच्या मॉडेलची गाडी घ्यावी, तिच्या यंत्राची आणि सांगाड्याची यथास्थित डागडुजी करावी, आणि ती करता करताच तिला 1973 पर्यंतच्या तिच्या थोरल्या भगिनींचे रूप द्यावे. गाडी बॅकडेट करणे म्हणतात ते हेच. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या माझ्या थोरल्या बंधूंच्या घरी या उद्योगाला मला दीर्घकाळ हातभार लावता आला. आणि ज्या परिस्थितीमुळे तो बेताच्या प्राप्तीच्या माणसाच्या आटोक्यात आला होता ती परिस्थिती आता बहुतांशी मावळली असल्यामुळे, त्या कालखंडाचा मागोवा घ्यावा असे मनात आले.

ज्या रूपासाठी एवढा खटाटोप करायचा, ते रूप 1963 च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आले. तेव्हा गाडीचे नाव 901 होते. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने आपला हक्क सांगून हरकत घेतल्यामुळे पुढच्या वर्षी ते 911 झाले. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी रेखलेल्या या गाडीचे बॉनेट दोन मडगार्डांच्या मधून उतरत उतरत थेट एका बारीक बंपरच्या कडेपर्यंत जाते, आणि त्या उतारात कोठेही खंड पडत नाही, यात तिच्या सौष्ठवाचे सारे मर्म आहे. तिच्या अंगात पुढे पुष्कळ बदल झाले. मागे टांगलेल्या इंजिनाच्या भाराने वळणावर बिथरण्याची तिची खोड आवरण्यासाठी 1969 च्या मॉडेलपासून दोन आसांमधले अंतर 57 मिलिमीटरने वाढवले, इंजिन 2 लिटरवरून टप्प्याटप्प्याने 2.4 लिटरपर्यंत गेले. पण चेहऱ्याला कोणी हात लावला नाही. 1972 च्या ऑक्टोबरात पॅरिस येथे मांडलेल्या कॅरेरा आरएस 2.7 या गाडीत हे रूप आपल्या परिणतीस पोहोचले, असे माझे मत आहे. 2,687 घन सेंटीमीटरचे 210 अश्वशक्तीचे इंजिन, नेहमीपेक्षा पातळ पत्रा, आणि इंजिनाच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला तो सुप्रसिद्ध काठ. शर्यतीतील मान्यतेसाठी 500 गाड्या पुरेशा होत्या. मागणी अशी आली की कारखान्याने 1,580 काढल्या.

त्यानंतर अमेरिकन सरकारचा कायदा आडवा आला. ताशी 5 मैल वेगाने धडक बसली तरी गाडीच्या दिव्यांना आणि अन्य आवश्यक भागांना इजा होता कामा नये, अशी सक्ती झाल्यामुळे 1974 च्या मॉडेलपासून 911 ला जाड ॲल्युमिनियमचे बंपर आले, त्यांच्यामागे धक्का गिळणाऱ्या नळ्या आल्या, बंपर आत सरकला तर त्याला जागा द्यावी म्हणून दोन्ही टोकांना रबराचे चुणीदार भाते आले, आणि या सगळ्याला वाव करून देण्यासाठी बॉनेटची लांबी पुढच्या टोकाला कापली गेली. ज्या रेखाकारांवर हे काम सोपवले गेले त्यांनी ते कौशल्याने पार पाडले, हे मान्य केलेच पाहिजे, कारण त्याच सक्तीपायी इतर अनेक कारखान्यांच्या गाड्यांना जे विद्रूप जबडे लाभले ते पाहिले म्हणजे पोर्शेचा विवेक ध्यानात येतो. तरीही तो अखंड उतार गेला तो गेलाच.

आज नवल वाटेल, परंतु पुढच्या दशकात लोकांचा ओढा नेमका उलट दिशेला होता. 1980 च्या सुमारास जुनी गाडी जुनी दिसणे हेच कमीपणाचे मानले जाई. म्हणून लांब बॉनेटच्या कित्येक अव्वल गाड्यांचे मडगार्ड कापून त्यांना टर्बोसारखे रुंद गाल लावण्यात आले, नवे बंपर बसवण्यात आले आणि नव्या मॉडेलचा आभास निर्माण करण्यात आला. त्या काळी ज्या गाड्यांची अशी कत्तल झाली, त्या आज मूळ स्थितीत असत्या तर कोणी त्यांना पान्यानेसुद्धा स्पर्श करू दिला नसता.

लांब बॉनेटच्या गाड्यांचा दुसरा वैरी गंज. त्यांचा पत्रा साधा. दाराखालचे उंबरे, पुढच्या चाकांमधला तळ, बॅटऱ्यांच्या पेट्या, मागच्या टॉर्शन बारची नळी, ही सगळी ठिकाणे आतून पोखरली जात आणि वरचा रंग मात्र शाबूत राही. 1976 च्या मॉडेलपासून कारखान्याने सांगाड्याचा पत्रा दोन्ही अंगांनी तप्त जस्ताने मढवला आणि तळ गंजणार नाही अशी सहा वर्षांची हमी दिली. त्याच परंपरेत 1978 पासून 1983 पर्यंतची एससी आली: जस्ताचा सांगाडा, 2,994 घन सेंटीमीटरचे इंजिन, आणि आधीच्या 2.7 लिटरच्या इंजिनांना ज्या मॅग्नेशियमच्या कवचाने सतावले होते त्याच्या जागी ॲल्युमिनियमचे भक्कम कवच. गुणांनी इतकी संपन्न असूनही ही गाडी बराच काळ उपेक्षित राहिली. खुद्द कारखान्याच्या मनातच तिचे भवितव्य निश्चित नव्हते; इंजिन पुढे असलेली, पाण्याने थंड होणारी 928 तिची जागा घेईल अशी योजना होती. 1981 च्या आरंभी प्रमुखपदी आलेले पीटर शुट्झ यांनी सहकारी हेल्मुट बोट यांच्या भिंतीवरील तक्त्यात 911 ची रेघ त्याच वर्षी संपलेली पाहिली, आणि लेखणी घेऊन ती रेघ तक्त्याबाहेर थेट भिंतीवर ओढत नेली, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. गाडी वाचली. परंतु एससी ही ना धड जुनी, ना धड नवी अशा अवस्थेत वापरलेल्या मोटारींच्या बाजारात वर्षानुवर्षे पडून राहिली, आणि तिच्या याच उपेक्षेने बॅकडेट करणाऱ्यांना कच्चा माल मुबलक पुरवला.

1999 साली क्रिस ह्यूरगास आणि फ्रीमन थॉमस यांनी कॅलिफोर्नियात आर ग्रुप्पे नावाचे मंडळ स्थापन केले. शर्यतीच्या वळणाच्या, स्वतःच्या अभिरुचीने घडवलेल्या जुन्या 911 गाड्या हा त्या मंडळाचा विषय. आणि गाडी अस्सल ठेवावी की आपल्या हाताने घडवावी या जुन्या वादात त्याने दुसऱ्या पक्षाला प्रतिष्ठा मिळवून दिली. याच सुमारास फायबरग्लासची बॉनेटे, बंपर आणि मडगार्ड लहान लहान कारखान्यांतून मिळू लागले, पुढे डेन्मार्कच्या डान्स्कसारख्या उत्पादकांचे पोलादी पत्रेही हाती आले, आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेन डेम्प्सी यांच्या पुस्तकाने घरच्या घरी इंजिनाशी झुंजणाऱ्या माणसाला पायरीपायरीने वाट दाखवली. माझ्या मते हाच त्या कालखंडाचा ऐन मध्यान्ह. बंधूंनी एससी घेतली ती याच दिवसांत, एका साध्या वापरलेल्या मोटारीच्या किमतीत.

काम दोन परस्परभिन्न स्वभावांचे आहे, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. गाडीचा पुढचा भाग उदार आहे. मडगार्ड वेल्ड केलेले नसून बोल्टांनी जखडलेले असतात: एक रांग पुढच्या डिकीच्या कडेला, काही दाराच्या बिजागरीपाशी, काही खाली उंबऱ्याजवळ. वर्षानुवर्षांचे डांबरी लुकण गरम हवेने मऊ करून खरवडले, की हे बोल्ट एकामागून एक सुटतात आणि आख्खा मडगार्ड हातात येतो. त्यानंतर बॉनेटचे कुलूप ज्या आडव्या पत्र्यात असते तो पत्रा बदलावा लागतो, कारण लांब बॉनेटचे टोक आणि आखूड बॉनेटचे टोक एकाच ठिकाणी मिटत नाहीत. तेथे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने उकलावे लागतात. मग येते बॉनेट बसवण्याचे काम, आणि त्यात माणसाच्या चिकाटीची खरी परीक्षा असते. बिजागऱ्या किंचित ढिल्या कराव्या, बॉनेट मिटावे, दोन्ही बाजूंच्या फटींत पुठ्ठ्याची पट्टी फिरवून पाहावी, डावीकडे ती अडकली आणि उजवीकडे सैल गेली तर पुन्हा उघडावे. फायबरग्लासच्या बॉनेटला मूळचे जोरदार दट्टे ठेवले तर ते मधोमध कमानीसारखे वाकते, म्हणून दट्टेही हलके बसवावे लागतात. सायंकाळ उलटून जाई, आणि ती फट दोन्हीकडे समान झाली असे दोघांचे एकमत झाल्याशिवाय बंधू दिवा मालवू देत नसत.

मागचा भाग मात्र निष्ठुर. तेथील पत्रे सांगाड्याशी वेल्ड केलेले, आणि बंपरखालच्या कडा नव्या बंपरच्या मापाने घडवलेल्या. दोन दिव्यांमधली लाल पट्टी उतरवणे सोपे, पण जुन्या वळणाचा बंपर अंगाशी बसवायचा तर कापण्यावाचून गत्यंतर नसते. मी वेल्डिंगची बंदूक उचलली, तेव्हा बंधूंनी तिथल्या तिथे माझा हात धरला. “थांब. आधी जस्त घासून काढ. त्याचा धूर छातीत गेला, तर रात्रभर थंडीतापाने कुडकुडशील.” ही तंबी अक्षरशः खरी आहे. जस्त तापले म्हणजे पांढरा धूर निघतो, आणि तो फुप्फुसात गेला की तापाची कणकण भरते. शिवाय जस्तावर घातलेला टाका सच्छिद्र होतो. म्हणून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंचे जस्त ग्राइंडरने काढायचे, टाका घालायचा, आणि मग जस्तयुक्त प्रायमरचे दाट हात देऊन जे कवच आपण मोडले त्याची शक्य तेवढी भरपाई करायची. ज्या जस्तासाठी ही गाडी पसंत केली तेच जस्त आपल्या हाताने खरवडून काढताना मनाला काय वाटते, ते मी अजून विसरलेलो नाही.

यंत्राविषयी थोडक्यातच सांगतो. एससीच्या इंजिनात सिलिंडरची डोकी धरून ठेवणारे एक्झॉस्टच्या बाजूचे डिलावार जातीचे स्टड तुटतात, हा सर्वश्रुत दोष आहे, आणि आमच्या गाडीने त्याला अपवाद केला नाही. साखळीचे ताण राखणारे जुने टेन्शनर काढून 1984 च्या कॅरेरापासून आलेले, तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर बसवले, म्हणजे इंजिन निर्वेधपणे चालते. यात बॅकडेट असे काही नाही; रूप मागे जावे, यंत्र मात्र पुढे यावे, अशीच प्रत्येकाची धारणा असे.

कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र रूप पाहत नाही, जन्मवर्ष पाहतो. 1975 आणि त्यापूर्वीच्या मॉडेलांना त्या राज्यात धूर-तपासणीतून कायमची सूट आहे. 1976 पासूनच्या गाडीला, तिचा चेहरा कितीही प्राचीन असो, ठराविक मुदतीने तपासणीला हजर व्हावेच लागते. यातून असा विलक्षण पेच उभा राही की 1974-75 च्या गाडीला मुभा आहे पण जस्त नाही, आणि एससीला जस्त आहे पण मुभा नाही. कित्येकांनी मुभेकडे पाहून मॅग्नेशियमच्या इंजिनांचे दुखणे पत्करले. बंधूंनी जस्ताची बाजू घेतली, मूळची इंधनव्यवस्था आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जसेच्या तसे ठेवले, आणि कार्बुरेटरच्या त्या घुमणाऱ्या स्वराचा मोह कायमचा सोडला. मला तो निर्णय तेव्हा रुक्ष वाटला होता. आज तो सर्वथा योग्य वाटतो.

या उद्योगाला नकलेगिरी म्हणणारे लोक पूर्वीही होते आणि आजही आहेत. बदकाची शेपटी लावून, पाखांवर कॅरेराची अक्षरे चिकटवून, एखादा गृहस्थ आपली गाडी आरएस म्हणून विकू पाहील तर ती सरळ सरळ लबाडी होय, यात दुमत नाही. परंतु डिकीतल्या गालिचाखाली, पेट्रोलच्या टाकीशेजारी, पत्र्यात ठोकलेला सांगाड्याचा नंबर आणि नोंदणीचा दस्तऐवज जोवर गाडीचे खरे वर्ष सांगत आहेत, आणि मालकही तेच सांगत आहे, तोवर फसवणूक कोणाची झाली? उलट, लांब बॉनेटच्या उरल्यासुरल्या अस्सल गाड्यांवर करवत चालण्याऐवजी ती या बहुसंख्य एससींवर चालली, हा या हौशी लोकांनी मोटारीच्या इतिहासावर केलेला एक उपकारच मी समजतो.

2009 साली रॉब डिकिन्सन यांनी लॉस एंजेलिस येथे सिंगर ही संस्था काढली, आणि 964 या पुढच्या पिढीच्या गाडीवर लांब बॉनेटचे रूप चढवून ते अशा अपूर्व कारागिरीने सिद्ध केले की, जे काम शेजारीपाजारी रविवारच्या छंदात मोजले जाई ते श्रीमंतांच्या संग्रहात जाऊन बसले. पाठोपाठ हवेने थंड होणाऱ्या सर्वच 911 च्या किमती चढल्या. अशा इंजिनाची शेवटची 911 तर 1998 सालीच निघून गेली होती, तेव्हा साठा वाढण्याचा प्रश्नच नव्हता. एससीची उपेक्षा संपली, आणि तिच्याबरोबर बेताच्या पैशात अशी गाडी घेऊन ती निःशंकपणे कापण्याची सवडही संपली. हल्ली तर चुणीदार भात्यांच्या बंपरांनाच चाहते लाभले आहेत. बॅकडेट केलेल्या गाड्या पुन्हा मूळ रूपात आणण्यासाठी लोक ते बंपर शोधत हिंडतात, आणि ज्यांनी ते भंगारात घातले त्यांना आता त्यासाठी चांगली रक्कम मोजावी लागते. आमचे बंपर, त्यांच्या नळ्या, रबरी भाते आणि ती लाल पट्टी हे सर्व बंधूंनी चिठ्ठ्या लावून जपून ठेवले आहे. गाडी कधी काळी परक्या हाती गेलीच तर हा सारा ऐवज तिच्याबरोबर द्यायचा, हे त्यांनी गाडीच्या कागदपत्रांतच लिहून ठेवले आहे.